धर्मांतर, संसार आणि स्त्रियांना लाभलेला सल्ला (१८८३–१९००)

जयगडच्या किल्ल्यावरून पाहिले असता शास्त्री नदीचे मुख दृष्टीस पडते. याच नदीच्या काठी, खाडीने बरेच आत गेल्यावर, संगमेश्वर लागते आणि त्या तालुक्यात देवरुख आहे. देवरुखच्या जोशी घराण्यातील गोदूबाई बालपणीच विधवा झाल्या. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन काढले, तेव्हा तेथे दाखल झालेल्या त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत. बरोबर चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. कर्व्यांच्या मुरूड गावाने या विवाहाबद्दल बहिष्कार घातला. ज्या ख्रिस्ती स्त्रीच्या छायेत गोदूबाई शिकल्या, तिचा धर्म मात्र त्यांनी स्वीकारला नाही. ‘माझे पुराण’ या आत्मवृत्तात त्यांनी रमाबाईंचे स्मरण कृतज्ञतेनेच केले आहे.

संसार मोडण्याच्या वा श्रद्धा पालटण्याच्या प्रसंगी स्त्रीस सल्ला देणे हा अलीकडे एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे काम पिता, बंधू, पती, धर्मगुरू आणि प्रसंगी जिल्हा न्यायाधीश यांच्याकडे असे. सल्ला देणारे पुष्कळ होते. तिचा निर्णय होईपर्यंत थांबण्याची ज्यांची तयारी होती असे फार थोडे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

खुद्द रमाबाईंचेच उदाहरण पाहावे. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी निवर्तल्यावर लहानग्या मनोरमेस घेऊन त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. सोबत आनंदीबाई भगत होत्या. वाँटेजच्या मठात राहत असताना, रमाबाईंनी बाप्तिस्मा घेण्यापूर्वीच, आनंदीबाईंनी आत्महत्या केली. रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी झाला. त्यानंतर सिस्टर जेराल्डीन यांनी त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शन आपल्याकडे घेतले. त्यांच्यातील पत्रव्यवहार १९७७ मध्ये ए. बी. शहा यांच्या संपादनाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. तो वाचताना मार्गदर्शक आणि शिष्या यांतील प्रेम व ओढाताण एकाच वेळी दिसतात. त्रैक्याचा सिद्धान्त रमाबाईंस पटेना. जेराल्डीन यांस ते अहंकाराचे लक्षण वाटे. भारतातील पुरोहितवर्गाचे जू मानेवरून उतरवून आलेली ही विदुषी दुसरे जू घेण्यास राजी नव्हती आणि तसे तिने स्पष्ट कळविले. क्रूसावरील अक्षरे लॅटिनऐवजी संस्कृतात असावीत, हाही तिचा आग्रह. चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी रमाबाईंचे तर्ककठोर वाद होत, पण तेथे प्रश्न विचारणे हा अपराध गणला जात नसे. पत्रांची जुळवाजुळव व त्यांवरील टीपा स्वतः जेराल्डीन यांच्या आहेत, हे अभ्यासकाने नजरेआड करू नये.

हाच प्रश्न दहा वर्षांनी उलट बाजूने रमाबाईंपुढे आला. शारदासदनातील मुली त्यांच्या प्रार्थनेस बसतात, या कारणावरून पुण्यात गदारोळ उठला आणि १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. रमाबाईंचे म्हणणे असे की, आपल्या खोलीचे दार आपण कोणास बंद करणार नाही. आश्रयदात्रीच्या उघड्या दारातही एक प्रकारचे वजन असते, हा विरोधकांचा आक्षेप सर्वस्वी पोकळ म्हणता येणार नाही.

विवाहितेची अडचण याहून बिकट. तिच्यासाठी १८६६ चा एकविसावा कायदा होता. पती ख्रिस्ती झाला आणि त्या कारणाने पत्नीने सलग सहा महिने त्याचा त्याग केला, तर पतीस फिर्याद करता येई. न्यायालय पत्नीस नकाराचे कारण विचारी, प्रकरण एक वर्ष तहकूब ठेवी, मग तिचा नकार स्वेच्छेचा आहे काय याची पुन्हा खात्री करून विवाह रद्द करी. पत्नी ख्रिस्ती झाल्यास तिलाही हाच मार्ग होता. परंतु जी व्यक्ती आपल्या धर्मात राहिली, तिला या कायद्याखाली स्वतः फिर्याद करण्याची सोय नव्हती. तिने फक्त उत्तर द्यावयाचे.

लक्ष्मीबाई टिळकांवर ती पाळी आली नाही. नारायण वामन टिळक मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे. १८९३ मध्ये आगगाडीतील एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांस ‘नवा करार’ दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचे माहेर सोवळ्याच्या अतिरेकाने गांजलेले होते, त्यांचे वडील वस्तू धुऊन धुऊन घरात घेत. अशा घरात वाढलेल्या स्त्रीस पतीचे धर्मांतर म्हणजे जिवंतपणीचे वैधव्यच होते. मुलगा दत्तू याला घेऊन त्या पंढरपुरास बहिणीकडे राहिल्या. आप्तांचा सल्ला एकच होता : परतू नये. त्या सल्ल्यात माया होती, म्हणून तो मोडणे अवघड होते. टिळकांनी दुसरे लग्न केले नाही. ते पत्रे पाठवीत, कविता पाठवीत, भेटीस येत. या ताटातुटीच्या काळात लक्ष्मीबाईही कविता रचू लागल्या.

काही वर्षांनी त्या अहमदनगरला पतीकडे गेल्या, पण धर्म पालटून नव्हे. आरंभी त्यांचा स्वयंपाक वेगळा व पाणी वेगळे असे. टिळकांचा स्वभाव तापट व लहरी होता. ‘स्मृतिचित्रां’त त्याची साक्ष पानोपानी आहे, तेव्हा त्यांस आदर्श पती ठरविण्याचे कारण नाही. तथापि या एका बाबतीत त्यांनी घाई केली नाही. भोवतालची माणसे पाहून, जातिभेद मनुष्यकृत की ईश्वरकृत, या प्रश्नाशी लक्ष्मीबाई स्वतःच झगडल्या. तो सुटल्यावर शिवाशीव प्रथम सुटली आणि श्रद्धा तिच्यामागून आली. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली, म्हणजे घटनांनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. तोवर टिळकांचे निधन होऊन पंधरा वर्षे लोटली होती. तरीही परतू नकोस म्हणणाऱ्या पंढरपूरच्या आप्तांविषयी त्या पुस्तकात कडवटपणा आढळत नाही.