काँडोरचे रक्त

बोलपटांनी समाज सुधारतो की बिघडतो, हा वाद आपल्याकडे जुना आहे; परंतु बोलपटाने उठविलेल्या क्षोभात एका बलाढ्य राष्ट्राच्या स्वयंसेवकांस देश सोडावा लागल्याचे उदाहरण विरळाच. ते दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हियात घडले. तेथील दिग्दर्शक होर्हे सान्हिनेस ह्यांनी १९६९ साली 'यावार माल्कू' म्हणजे 'काँडोरचे रक्त' हा चित्रपट काढला. माल्कू ह्या शब्दाने त्या पहाडी मुलखात गावचा नायकही ओळखला जातो. कथेतील परदेशी डॉक्टर केचुवा स्त्रियांस न कळविता वांझ करतात. त्यांस जाब विचारणारा नायक इग्नासिओ पोलिसांच्या गोळीने घायाळ होतो, आणि शहरात त्याच्या भावास रक्त विकत घेण्याइतके पैसे मिळत नाहीत.

सरकारने प्रथम बंदी घातली; लोक रस्त्यावर आले, तेव्हा ती उठवावी लागली. १९७१ साली तोर्रेस ह्यांच्या सरकारने अमेरिकेच्या पीस कोअरची रवानगी केली. वांझ करण्याचा आरोप पीस कोअरने नाकारला होता व तो वाद मिटलेला नाही. तथापि, ज्या बहुसंख्य जनतेस १९५२ च्या क्रांतीपर्यंत मताचाही अधिकार नव्हता, तिला तो आरोप सहज पटावा, ह्यात आम्हांस नवल वाटत नाही.

खुद्द सान्हिनेस ह्यांसही त्या अविश्वासाचा अनुभव आला. मंडळी चित्रीकरणास काता ह्या डोंगरी गावी गेली, तो गावकरी बोलेनात. पैसे देऊ केले, व्यर्थ! एका पुढाऱ्याशी बोलणे झाले की गाव आपला झाला, ही शहरी समजूत तेथे फुकट गेली. कारण निर्णय साऱ्या गावाने मिळून घ्यावयाचा असतो. अखेर कोकाच्या पानांवर कौल लावण्यात आला. तो अनुकूल पडला, तेव्हा काम सुरू झाले.

पुढे हाच चित्रपट खेडुतांस दाखविला, तेव्हा मागची हकीगत मध्येच सांगण्याची पद्धत त्यांस समजेना. सान्हिनेस ह्यांनी दोष प्रेक्षकांस दिला नाही, पद्धतच बदलली. १९६७ च्या जूनमध्ये सैन्याने खाणकामगारांची कत्तल केली होती. तिच्यावरील 'एल कोराहे देल प्वेब्लो' (१९७१) ह्या चित्रपटात त्या प्रसंगातून वाचलेले स्त्रीपुरुष स्वतःच उभे राहिले. खाणकामगारांच्या स्त्रियांच्या पुढारी दोमितिला ह्याही त्यांत होत्या. त्याच वर्षी बान्सेर ह्यांनी सत्ता बळकावली. सान्हिनेस परागंदा झाले, आणि ज्यांची ती कहाणी त्यांच्या देशात ती दाखविण्याची वाट कित्येक वर्षे बंद राहिली.