सक्ती कोणावर? प्राथमिक शिक्षणाच्या हक्काची १२७ वर्षे

१.
मार्च १९१२. मध्यवर्ती कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखले यांच्या प्राथमिक शिक्षण विधेयकावर दोन दिवस चर्चा झाली आणि मतदान झाले. बाजूने १३ मते, विरोधात ३८. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत पाठवणे बंधनकारक करण्याची मुभा स्थानिक संस्थांना मिळावी, एवढीच गोखल्यांची मागणी होती.

२.
विरोधकांची कारणे अनेक होती, पण एक सतत पुढे येई: देश गरीब आहे, इतका पैसा आणायचा कुठून? हा प्रश्न १९१२ च्या आधीही विचारला गेला आणि स्वातंत्र्यानंतरही. त्याच्या आड एक दुसरा प्रश्न दडलेला होता. ‘सक्तीचे शिक्षण’ म्हणताना सक्ती नेमकी कोणावर? मुलावर, आई-बापांवर, की सरकारवर?

३.
आरंभ १८८२ पासून करावा लागतो. ब्रिटिश सरकारने विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला होता. १८४८ पासून पुण्यात शाळा चालवण्याचा अनुभव गाठीशी असलेल्या महात्मा जोतीराव फुले यांनी त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आयोगापुढे निवेदन ठेवले. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यातील ठळक मागणी.

४.
पैशाच्या प्रश्नाचे उत्तरही फुल्यांनी त्यातच दिले. सरकारी तिजोरी भरते ती मुख्यतः शेतकऱ्याच्या श्रमातून, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. वर शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल, हे तत्कालीन धोरण त्यांनी अनुभवाच्या आधारे खोडून काढले. त्यांच्या लेखी पैसा नव्हता असे नाही, त्याची वाटणी अन्यायाची होती.

५.
आयोगाने प्राथमिक शिक्षणाचे महत्त्व मान्य केले, पण कारभार जिल्हा व नगर मंडळांकडे सोपवण्याची शिफारस केली. सक्तीचा प्रश्न बाजूला पडला. विशेष म्हणजे, इंग्लंडमध्ये शाळेतील हजेरी १८८० मध्येच सक्तीची झाली होती. राज्यकर्ते तेच; स्वदेशातील मुलासाठी नियम एक, वसाहतीतील मुलासाठी दुसरा.

६.
पहिले प्रत्यक्ष उत्तर आले ते एका संस्थानातून. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेले बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये काठियावाडातील अमरेली भागात मोजक्या गावांपुरता सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला. तेरा वर्षांनी, १९०६ मध्ये, तोच कायदा साऱ्या संस्थानाला लागू झाला. तो मुलांना होता, तसाच मुलींनाही.

७.
त्याचे फळ गोखल्यांनी १९११ मध्ये सभागृहापुढे आकड्यांत मांडले. शाळेच्या वयातील मुलांपैकी बडोद्यात ७९.६ टक्के शाळेत होते, ब्रिटिश हिंदुस्थानात २१.५ टक्के. मुलींचे प्रमाण बडोद्यात ४७.६ टक्के, ब्रिटिश हिंदुस्थानात ४ टक्के. दोन्हीकडची माणसे सारखीच, गरिबीही सारखीच. फरक होता राज्यकर्त्याच्या निश्चयाचा.

८.
गोखल्यांनी १९१० मध्ये प्रथम ठराव आणला आणि सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर तो मागे घेतला. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी विधेयक मांडले. त्याची रचना कमालीची सावध होती. ज्या भागात ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील, तिथेच सक्ती. तीही स्थानिक संस्थेची इच्छा असेल तर, आणि सरकारच्या मंजुरीनेच. मुलींचा समावेश पुढे यथावकाश.

९.
खर्चाचा एक तृतीयांश भार स्थानिक संस्थेने आणि दोन तृतीयांश सरकारने उचलावा, अशी त्यांची अपेक्षा. महिना दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या पालकाला फी माफ. मात्र मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की या मसुद्यात सक्तीचे टोक पालकाकडे रोखलेले होते. सरकारवर मात्र कसलेच बंधन नव्हते.

१०.
तरीही विधेयक पडले. लोकांची तशी मागणी नाही, वेळ आलेली नाही, प्रांतिक सरकारे अनुकूल नाहीत, असे सांगण्यात आले. काही भारतीय सदस्यांनाही सक्ती नको होती. पराभव होणार हे गोखले जाणून होते. आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशातूनच देशसेवा करणे आले आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी त्याच चर्चेत काढले. तीन वर्षांनी, फेब्रुवारी १९१५ मध्ये, त्यांचे निधन झाले.

११.
१९१७ मध्ये कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. पुढच्याच वर्षी विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्ती लागू करण्याचा अधिकार मिळाला. ब्रिटिश हिंदुस्थानातील हा अशा प्रकारचा पहिला कायदा. थोड्याच वर्षांत इतर प्रांतांनीही त्याचे अनुकरण केले.

१२.
पण ब्रिटिश प्रांतांतील कायदे होते ‘करता येईल’ अशा भाषेतले. नगरपालिकांच्या तिजोऱ्या रिकाम्या, त्यामुळे सक्ती बहुधा कागदावरच राहिली. १९२९ च्या हारटोग समितीने आणखी एक दुखणे दाखवले: पहिलीत नाव घातलेली बरीच मुले चौथीपर्यंत पोहोचतच नव्हती. शेतात किंवा घरी हात लागत, म्हणून मूल शाळेतून निघे. पटावरचे नाव म्हणजे शिक्षण नव्हे, हे तेव्हाच उघड झाले होते.

१३.
१९३७ मध्ये प्रांतांत लोकनियुक्त मंत्रिमंडळे आली आणि पेच अधिक तीव्र झाला. दारूबंदी करावी तर अबकारी उत्पन्न बुडणार, आणि शाळा तर त्याच उत्पन्नावर चालत. शाळा चालाव्यात म्हणून दारू विकावी, हे महात्मा गांधींना मान्य होणे शक्य नव्हते. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये वर्ध्याच्या परिषदेत त्यांनी हस्तव्यवसायातून शिक्षण देणाऱ्या आणि आपला खर्च आपणच भागवणाऱ्या शाळेची कल्पना मांडली. पुढे ती ‘नई तालीम’ म्हणून ओळखली गेली.

१४.
१९४४ च्या सार्जंट योजनेने सार्वत्रिक शिक्षणासाठी चाळीस वर्षांची मुदत सांगितली; म्हणजे उजाडणार १९८४! इतकी प्रतीक्षा कोणालाच रुचली नाही. मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या समितीने ती मुदत सोळा वर्षांवर आणली.

१५.
दरम्यान संविधान सभेचे काम सुरू झाले होते. मूलभूत हक्क उपसमितीने प्राथमिक शिक्षण हा हक्क म्हणून लिहिला. एप्रिल १९४७ मध्ये सल्लागार समितीत प्रश्न निघाला: न्यायालयात दाद मागता येईल असा हा हक्क नव्या सरकारला पेलेल काय? कलम तिथून हलले आणि न्यायालयाच्या कक्षेबाहेरच्या मार्गदर्शक तत्त्वांत जाऊन बसले.

१६.
२३ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यातील उरलासुरला हक्कही गेला. ‘प्रत्येक नागरिक मोफत प्राथमिक शिक्षणास पात्र आहे’ अशा अर्थाचे शब्द मार्गदर्शक तत्त्वांत विसंगत ठरतात, म्हणून ते वगळावेत, अशी सूचना लक्ष्मीकांत मैत्र यांनी केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली. उरले ते एवढेच: दहा वर्षांत राज्य प्रयत्न करील.

१७.
त्याच दिवशी बाबासाहेबांनी दुसरी एक सूचना मात्र ठामपणे नाकारली. ‘शिक्षण’ऐवजी ‘प्राथमिक शिक्षण’ असे लिहावे, असे नझिरुद्दीन अहमद यांचे म्हणणे होते. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास संविधान बंदी घालत असेल, तर त्या वयापर्यंत त्याची जागा शाळेतच असली पाहिजे, हा बाबासाहेबांचा युक्तिवाद. चौदा वर्षे ही मर्यादा टिकली ती या तर्कामुळे.

१८.
योगायोग पाहा. त्यानंतर अवघ्या १७ दिवसांनी, १० डिसेंबर १९४८ रोजी, संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. शिक्षण हा प्रत्येकाचा हक्क आहे आणि निदान प्राथमिक टप्प्यावर ते मोफत असावे, असे त्याचे २६ वे कलम सांगते. भारताने बाजूने मत दिले. म्हणजे जगासाठी जो शब्द मान्य केला, तोच स्वतःच्या संविधानाच्या मसुद्यातून भारताने नुकताच काढला होता.

१९.
कलम ४५ मधील दहा वर्षांची मुदत १९६० मध्ये संपली. मार्गदर्शक तत्त्वांत कालमर्यादा घातलेले हे एकमेव कलम होते, पण ती उलटल्याबद्दल कोणाला न्यायालयात खेचता येत नव्हते. ‘प्रयत्न करील’ या शब्दांची किंमत ती हीच.

२०.
कोंडी फुटली ती अनपेक्षित ठिकाणी. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या भरमसाट देणग्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९३ च्या उन्नीकृष्णन खटल्यात न्यायालयाने सांगितले, की चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्यापुढील शिक्षण राज्याच्या आर्थिक कुवतीवर अवलंबून राहील. श्रीमंतांच्या महाविद्यालयांच्या खटल्यातून गरिबाच्या प्राथमिक शाळेचा हक्क जन्माला आला.

२१.
२००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती झाली आणि कलम २१-क आले. २००९ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचे शिक्षण हा आता मूलभूत हक्क ठरला.

२२.
या कायद्यात ‘सक्तीचे’ या शब्दाची व्याख्या मुद्दाम दिली आहे. प्रवेश देणे, हजेरी राखणे आणि शिक्षण पूर्ण करून घेणे हे सरकारचे बंधन, असा तिचा आशय. मुलाचे नाव शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य म्हटले आहे, पण ते चुकल्यास दंड नाही. गोखल्यांच्या मसुद्यात आणि कोल्हापूरच्या कायद्यात पालकाकडे रोखलेले सक्तीचे टोक येथे सरकारकडे वळले.

२३.
कायदा झाला म्हणून चांगली शाळा आपोआप उभी राहत नाही. पण १९११ च्या मसुद्यानुसार सरकार आई-बापांना विचारणार होते, तुमचे मूल शाळेत का नाही? २०१० पासून हाच प्रश्न आई-बाप सरकारला विचारू शकतात, आणि ‘पैसा नाही’ हे त्याचे पुरेसे उत्तर राहिलेले नाही.