चाकरमानी मुंबईत कसा रुळला

‘चाकरमानी’ हा शब्द कोकणात ज्याला लावतात तो मनुष्य बहुधा कोकणात नसतो, ही गंमत पुष्कळांच्या ध्यानात आलेली नाही. तो मुंबईत असतो. पण मुंबईत त्याला चाकरमानी कोणी म्हणत नाही. तिथे तो गिरणीच्या दप्तरात तिकिटाचा नंबर, वाण्याच्या वहीत एक खाते आणि ट्रामच्या कंडक्टरच्या तोंडी ‘ओ पाव्हणे’. गणपतीला गावच्या वेशीवर पोचला, पोरे ‘चाकरमानी इले’ म्हणून ओरडत धावली, म्हणजेच त्याला हे नाव पुन्हा मिळते. ज्याला नावसुद्धा दोन गावांत दोन मिळाली, त्या माणसाने नव्या शहरात आपले बस्तान बसवले तरी कसे, याची हकिगत सांगण्याजोगी आहे. इतिहासाच्या पुस्तकांत गिरण्यांच्या मालकांची नावे सापडतात, संपांच्या तारखा सापडतात. पण पहिल्या रात्री तो झोपला कुठे आणि जेवला काय, हे शोधावे लागते.

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली उभारायला घेतली आणि १८५६ साली ताडदेवला तिचे चक्र फिरू लागले. त्याच्या अगोदर, १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली होती. दहा वर्षांनी, १८६३ मध्ये, तिने बोरघाटही जिंकला. साताऱ्याकडचा, पुण्याकडचा माणूस घाट उतरून आला तो या रस्त्याने. कोकण्याला मात्र रेल्वे नव्हती. (ती मिळायला १९९८ साल उजाडले.) त्याची वाट समुद्रावरची. वेंगुर्ले, मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी, जयगड, दाभोळ, हर्णै अशी बंदरे घेत आगबोट मुंबईला येई. बंदरात बोट दूर उभी राही, पडावातून तिच्यापर्यंत जायचे, आणि खलाशाने दंडाला धरून वर ओढले की गाव सुटले. डोक्यावर वळकटी, हातात पत्र्याची ट्रंक, गाठोड्यात तांदूळ आणि कुळथाचे पीठ, असा हा माणूस धक्क्यावर उतरायचा. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद. मग गावी कोणी मेले तरी पत्राखेरीज इलाज नसे. आणि छोट्या फेरीलाही भरवसा नव्हता. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिनाही उरला नसताना, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली. गटारीच्या अमावास्येला घरी जायला निघालेली माणसे होती ती. सहाशेंहून अधिक प्राण गेले.

१९२१ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात होती, आणि तीत दर शंभरांत सुमारे ८४ माणसे मुंबईबाहेर जन्मलेली होती. म्हणजे आपण ज्याला ‘अस्सल मुंबईकर’ म्हणतो तो शंभरात सोळा! दुसरा आकडा याहून बोलका आहे. हजार पुरुषांमागे बायका होत्या जेमतेम सव्वापाचशे. हे शहर बिऱ्हाडांचे नव्हते, एकट्या पुरुषांचे होते. बायको गावी, म्हातारी गावी, बैल गावी, आणि हा इथे.

मग राहायचे कुठे? उत्तर होते ‘गाळा’. एका गावच्या, किंवा चार वाड्यांच्या लोकांनी मिळून लालबाग-परळ-काळाचौकीकडे एखादी खोली भाड्याने घ्यायची आणि दरमहा वर्गणी काढून भाडे भरायचे. खोली दहा बाय बाराची, माणसे वीस, प्रसंगी तीसही. हे जमे कसे, असे आजचा वाचक विचारील. जमे ते पाळ्यांमुळे. रात्रपाळीवाला सकाळी येऊन पसरला की दिवसपाळीवाला गेलेला असे. वळकटी बदले, जागा तीच. ज्याला आत जागा नाही तो गॅलरीत, गॅलरीत नाही तो जिन्याखाली, आणि उन्हाळ्यात सारेच फुटपाथवर. प्रत्येकाच्या मालकीचे काय, तर भिंतीवरची एक खुंटी आणि फळीवरची एक ट्रंक. पण त्या खोलीत गावाहून नवीन आलेल्या पोराला कोणी ‘कोण तू?’ म्हणून विचारीत नसे. ‘कुणाचा रे?’ एवढाच प्रश्न. बापाचे नाव सांगितले की नोकरी लागेपर्यंत त्याच्या जेवणाची सोय होई. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची कौले, विहिरीचा कठडा यांसाठी पैसे जमत ते याच खोलीत. आणि गावात कोणी आगळीक केली तर त्याचा निवाडाही कधीकधी शेकडो मैलांवरच्या या दहा बाय बारात होई. गोव्याच्या तारवट्यांनी धोबीतलावाच्या आसपास आपापल्या गावांचे ‘कूड’ काढले होते, त्यांची रीतही हीच: तीच ट्रंकांची रांग, तीच वर्गणी, तिथे संध्याकाळी क्रुसापुढे प्रार्थना, इथे टाळ-मृदंग. ही संस्था कोणा समाजसुधारकाने काढली नाही, सरकारने तर नाहीच. अडचणीतल्या माणसांनी आपल्या अकलेने ती घडवली, आणि माझ्या मते गिरणगावाने निर्माण केलेल्या वस्तूंत कापडाच्या खालोखाल तिचाच मान आहे.

पोटाची व्यवस्था बायकांनी पाहिली. एखादी विधवा, एखादी नवऱ्याने टाकलेली, एखादी नवऱ्याचा पगार पुरत नाही म्हणून पदर खोचलेली, अशी बाई आपल्याच खोलीत खाणावळ चालवी. दहापंधरा गडी महिन्याच्या कराराने जेवत. भाकरी, कालवण, भात. बुधवारी किंवा रविवारी मासळी नाहीतर मटण. गड्याचा पगार व्हायचा महिन्याने, तेव्हा बाई वाण्याकडून उधार आणी आणि व्याज सोसून सगळ्यांना जेवू घाली. १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्यांचा संप चालला. पुष्कळांनी गावची बोट धरली; पण जे मागे राहिले ते जेवले कोणाच्या जिवावर? संपाच्या पुढाऱ्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत, ती रास्तच ठाऊक आहेत. पण उधारीवर पीठ आणणाऱ्या त्या बायांपैकी एकीचेही नाव आपल्याला सांगता येणार नाही. त्यांची दखल घेणारी संघटना उभी राहिली ती फार उशिरा, १९७५ साली, प्रेमाताई पुरव यांच्या ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’च्या रूपाने.

झोपणे आणि जेवणे जमले. न जमणारी गोष्ट होती घड्याळ. गावी काळ होता तो कोंबड्याचा, उन्हाच्या तिरिपेचा, गुरांच्या परतण्याचा. गिरण्याही पहिल्यापहिल्यांदा उजाडण्यापासून मावळेपर्यंत चालत, त्यामुळे उन्हाळ्यात काम जास्त आणि थंडीत कमी असा हिशेब असे. विजेचे दिवे आले आणि सूर्याची गरजच संपली. १९०५ च्या सुमारास कित्येक गिरण्या चौदा-चौदा तास चालू लागल्या. भोंगा झाला की उठायचे, दुसऱ्या भोंग्याला फाटकात, उशीर झाला तर फाटक बंद आणि खाडा. या घड्याळावरून एक विलक्षण भांडण झाले आहे. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने सबंध हिंदुस्थानची एकच प्रमाणवेळ ठरवली. ती मुंबईच्या जुन्या वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे. घड्याळाचा काटा सरकवणाऱ्याला त्यात काही वाटले नसेल. पण कामगाराला कळले की आपल्याला आता ३९ मिनिटे आधी, काळोखातच, उठायचे आहे. त्याच महिन्यात जेकब ससून गिरणीच्या कामगारांनी काम टाकले आणि गिरणीच्या घड्याळावर दगड मारले. अडाणी लोकांचा दंगा म्हणून त्याची संभावना झाली. पण शहाण्यासुरत्या मुंबई नगरपालिकेने तरी काय केले? तिनेही नवी वेळ मानली नाही, आणि आपली घड्याळे १९५० पर्यंत ‘मुंबई टाइम’वरच ठेवली!

आठवड्याची सुट्टी ही गोष्टही अशीच झगडून मिळालेली आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून तिच्यासाठी अर्ज-सभा केल्या आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. रविवार मिळाला तेव्हा कुठे माणसाला न्हाव्याकडे जायला, कपडे धुवायला आणि शेजारच्या साक्षराकडून घरी पत्र लिहवून घ्यायला फुरसत झाली. पत्राबरोबर मनिऑर्डर. टपालखात्याने ती सोय १८८० साली सुरू केली, आणि त्यानंतर रत्नागिरी जिल्ह्यातल्या कित्येक चुली पोस्टमनच्या थैलीवर पेटू लागल्या.

सगळे सारख्या सुखाने रुळले असे मात्र समजू नये. शहरात जात गळून पडते असे म्हणणाऱ्यांनी साचाखात्यात डोकवायला हवे होते. बाण्याचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. तेव्हा अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा आम्ही कसा वापरायचा, या सबबीवर महार कामगारांना त्या खात्यात मज्जाव होता. आणि पगार तर याच खात्यात अधिक! पाण्याची भांडीही वेगळी. परळच्या चाळीत एका खोलीत राहून वाढलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न स्पष्टपणे पुढे मांडला. गाव सोडून शेकडो मैल आलेल्या माणसाच्या आधीच त्याची जात फाटकापाशी येऊन बसलेली होती.

पुष्कळ विद्वानांनी या कामगाराला एक दोष दिला आहे, की त्याचे चित्त गावात. तो धड शेतकरी नाही, धड कामगार नाही. मला हे पटत नाही. १८९६ साली मांडवीत प्लेग उद्भवला तेव्हा काय झाले ते पाहावे. माणसे हजारोंनी शहर सोडून पळाली. गिरण्या ओस पडल्या, आणि ज्या मालकांनी कालपर्यंत माणसे फाटकावरून हाकलली, त्यांची माणसे नाक्यानाक्यावर उभी राहून चढत्या रोजाची बोली करू लागली. १८९१ साली ८ लाख २१ हजार असलेली वस्ती १९०१ मध्ये ७ लाख ७६ हजारांवर आली. त्या वेळी ज्याला गाव होते तो जगला. आजारपण, म्हातारपण, संप, बायकोचे बाळंतपण, यांपैकी एकाचाही भार मुंबई उचलीत नव्हती. तो सगळा गावाने उचलला. तेव्हा गावाची ओढ हा भाबडेपणा नव्हता, तो विमा होता, आणि त्याचे हप्ते मनिऑर्डरीने भरले जात होते. हा विमा चालवणारी बाई मात्र गावी एकटी भात लावीत होती. अण्णाभाऊ साठे स्वतः वाटेगावाहून बापाबरोबर पायी मुंबईला आले. त्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड गिरणगावात एवढी का घुमली, हे निराळे सांगायला नको.

पुढे मैनाही मुंबईला आली. १९२० मध्ये गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत विकास खाते निघाले आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे त्याने सिमेंट-काँक्रीटच्या २०७ चाळी बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची, मजल्यावर वीस बिऱ्हाडे, नळ आणि संडास सामाईक. पहिली काही वर्षे त्यांतल्या कितीतरी खोल्या रिकाम्या होत्या: भाडे परवडेना, आणि ते काळोखे काँक्रीट कोणाला आवडेना. हळूहळू भरल्या. गावच्या विहिरीवर तासभर रमणाऱ्या बाईला इथे नळ ठरल्या वेळी येई आणि ठरल्या वेळी जाई. पण त्या रांगेतच तिला मैत्रिणी मिळाल्या. अंगण नव्हते, तर तिने गॅलरीलाच अंगण केले. दिवाळीत तिथे हातभर रांगोळी पडू लागली, बांबूच्या कामट्यांचा कंदील लागला, आणि पहिल्या आंघोळीला सामाईक मोरीपुढे पहाटे तीनपासून नंबर लागू लागले. बोनस मिळाला तर फराळात बेसनाचे लाडू, नाहीतर नुसता चिवडा. (१९२३ चा बोनस नाकारला म्हणून १९२४ च्या आरंभी गिरणगाव दोन महिने बंद राहिले होते, लाडवामागेही इतिहास असतो तो असा.)

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. तो संप रीतसर मिटला असे कोणी सांगू शकत नाही. पूर्वीसारखीच पुष्कळांनी गावची वाट धरली, पण या खेपेला परत बोलावणारा भोंगा झाला नाही. गिरण्यांच्या जागी मनोरे आले. वरळीच्या त्या चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या.

आमचे आजोबा तेहतीस वर्षे साचे चालवून १९६४ साली गावी परतले. सगळ्या जन्मभर ते ‘गावी जाऊन स्वस्थ बसेन’ म्हणत आले होते. गेले, आणि पहिल्याच आठवड्यात आजीने डोक्याला हात लावला. पहाटे साडेपाचला ते उठून बसत आणि विचारीत, ‘भोंगा झालो?’ विहिरीवर आंघोळ करायला त्यांना लाज वाटे. जेवण बाराच्या ठोक्याला लागे. भात पाच मिनिटे उशिरा झाला तर ताटावरून उठत. संध्याकाळी ओटीवर बसून ‘इथे माणसे नाहीत गं’ म्हणत. शेवटी आजीने परसातल्या पडवीत एक खुंटी ठोकून दिली, तिच्यावर त्यांचा सदरा आणि टोपी, खाली ती पत्र्याची ट्रंक; आणि खोली भरलेली असतानासुद्धा ते रात्री तिथेच, ट्रंकेला उशाला घेऊन, झोपत.