सँगर यांचे इन्शुलिन-संशोधन : एक ऐतिहासिक आढावा
प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात, हे विसाव्या शतकाच्या प्रारंभी ज्ञात होते. मात्र प्रत्येक प्रथिनात या आम्लांचा क्रम निश्चित असतो काय, याविषयी मतभेद होते. काहींच्या मते प्रथिन हे सदृश रेणूंचे मिश्रण होते. तर बर्गमन व नीमन यांनी आम्लांची ठरावीक अंतराने पुनरावृत्ती होते, असे प्रतिपादन केले होते.

केंब्रिज येथील जैवरसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक सँगर (१९१८-२०१३) यांनी गाईच्या इन्शुलिनवरील प्रयोगांनी हा वाद निकाली काढला. साखळीच्या टोकाच्या आम्लाला पिवळ्या रंगाने चिन्हांकित करणारी पद्धत त्यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे आम्ले व विकरे यांच्या साहाय्याने साखळ्यांचे तुकडे करून आणि त्यांतील समान भाग परस्परांशी जुळवून मूळ क्रम निश्चित करण्यात आला. ३० आम्लांच्या 'बी' साखळीचा क्रम १९५१ मध्ये, तर २१ आम्लांच्या 'ए' साखळीचा १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५५ पर्यंत दोन्ही साखळ्यांना जोडणाऱ्या गंधक-बंधांची स्थानेही निश्चित झाली. १९५८ मध्ये सँगर यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या क्रमात नियमित पुनरावृत्ती आढळली नाही, ही बाब विशेष महत्त्वाची होय. क्रम निश्चित असूनही तो कोणत्याही साध्या नियमातून निष्पन्न होत नसेल, तर त्याची माहिती पेशीत अन्यत्र साठविलेली असली पाहिजे. फ्रान्सिस क्रिक यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अनुक्रम-गृहीतकाची पार्श्वभूमी अशा रीतीने एका रासायनिक विश्लेषणाने तयार केली, असे म्हणता येईल.