निळ्या रंगाखालच्या रेषा

धरणाच्या स्थलनिर्देशक नकाशात जलाशयाचा निळा काठ ठळक दिसतो. हा काठ सहसा एक समोच्च रेषाच असते: तलाव पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर पोचेल ती. आज पाणी तिथे असेलच असे नाही.

अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटातले हूवर धरण घेऊ. ब्लॅक कॅन्यन नावाच्या घळईत कोलोराडो नदी अडवून 1935 साली ते उभे राहिले. मागच्या लेक मीड जलाशयाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून 1,229 फूट. (तिथे आजही फूटच चालतात.) 1941 आणि 1983 साली पाणी सांडव्यांवरून वाहिले. जुलै 2022 मध्ये मात्र पातळी सुमारे 1,040 फुटांवर आली. धरणाजवळची खोली यात साधारण एक-तृतीयांशानेच घटली, पण साठा क्षमतेच्या सुमारे 27 टक्केच उरला!

असे का, ते रेषा सांगतात. तळाशी घळई अरुंद, म्हणून रेषा दाटीवाटीने येतात. वर दऱ्या रुंदावतात आणि रेषा विरळ होतात. लागोपाठच्या दोन रेषांनी वेढलेली क्षेत्रफळे आलेख-कागदावर चौकोन मोजून काढावीत; त्यांच्या सरासरीला उंचीतल्या फरकाने गुणले की त्या थरातले पाणी मिळते. वरचेच थर सर्वांत मोठे निघतात. वर्गात करून पाहण्याजोगे आहे.

घळईत किती पाणी मावेल हे नकाशाने अचूक सांगितले. नदी किती पाणी देईल, हे त्याला सांगता येणार नव्हते. 1922 च्या करारात सात राज्यांनी वरच्या आणि खालच्या खोऱ्याला दरवर्षी 75-75 लाख एकर-फूट पाणी वाटून दिले. (एक एकरावर फूटभर उभे पाणी म्हणजे एक एकर-फूट.) 1944 च्या तहाने मेक्सिकोला आणखी 15 लाख मिळाले. पण कराराच्या वेळी प्रवाहाच्या नोंदी थोड्याच वर्षांच्या होत्या, आणि ती वर्षे नेमकी ओली होती. 1976 साली स्टॉकटन आणि जॅकोबी यांनी झाडांच्या वार्षिक वलयांवरून शेकडो वर्षांचा प्रवाह काढला. सरासरी भरली सुमारे 135 लाख. त्यातच 2000 पासून दीर्घ अवर्षण आणि वाढते तापमान.

जलाशयाच्या उत्तर टोकाला सेंट थॉमस हे 1865 साली वसलेले गाव होते. 1938 साली ते बुडाले. पाणी उतरल्यावर, 2002 पासून, त्याच्या घरांची जोती पुन्हा उघडी पडली आहेत. निळा काठ त्यांच्याही वरून जातो.