संपुटित जिवाणू

संपुटित जिवाणू म्हणजे पिकांचे रोगांपासून रक्षण करणारे उपयुक्त जिवाणू मण्यांत किंवा कॅप्सूलमध्ये बंदिस्त करून तयार केलेली जैविक निविष्ठा होय. ‘संपुट’ हा शब्द आयुर्वेदातील भस्मनिर्मितीमुळे परिचित आहे. तेथे संपुट अग्नीत जाते, येथे ते जिवंत घटकाला जपते.

== निर्मिती ==
तपकिरी सागरी शेवाळापासून मिळणाऱ्या सोडियम अल्जिनेटच्या द्रावणात जिवाणू मिसळून ते थेंबाथेंबाने कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडल्यास जेलीसारखे मणी बनतात. जमिनीत मणी हळूहळू विघटित होऊन जिवाणू मुक्त होतात. योआव बशान यांनी १९८६ साली या पद्धतीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. बॅसिलस जिवाणू बीजाणूरूपाने प्रतिकूल काळ काढतात. स्युडोमोनासला ती सोय नसल्याने त्याला असे कवच अधिक उपयोगी ठरते.

केरळातील कोझिकोड येथील भारतीय मसाला पीक संशोधन संस्थेची ‘बायोकॅप्सूल’ निराळी आहे. तिच्यात कोरडे जिवाणू जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये भरतात. सुमारे १ ग्रॅमची ही कॅप्सूल १ किलो भुकटीचे काम करते व पाण्यात मिसळून वापरली जाते.

== मराठवाड्यातील संदर्भ ==
छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील कन्नड, खुलताबाद व फुलंब्री तालुक्यांत आले, म्हणजेच शेतकऱ्यांच्या बोलीतील अद्रक, मोठ्या प्रमाणावर होते. पिथियम बुरशीमुळे होणारी कंदकूज हा त्याचा सर्वांत घातक रोग. पाने शेंड्याकडून पिवळी पडतात, खोडाचा बुंधा मऊ होतो आणि ओढताच हाती येतो. पावसाचे पाणी साचलेल्या वाफ्यात रोग झपाट्याने पसरतो. बेण्यावरील मोठा खर्च तेव्हा मातीतच जातो.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे ‘बायोमिक्स’ हे उपयुक्त बुरशी व जिवाणूंचे मिश्रण आले आणि हळद उत्पादकांत लोकप्रिय आहे. ते मात्र संपुटित नाही. आल्याची लागवड एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे पारा चाळिशीपार असताना होते. दुकानात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये तापलेल्या पाकिटातील जिवाणू शेतात पोहोचण्यापूर्वीच मरू शकतात. संपुटाचे खरे महत्त्व या भागासाठी येथेच आहे.

== मर्यादा ==
हे जिवाणू मुळांभोवतीची जागा व लोह आधी बळकावून रोगकारकाला रोखतात. कुजलेला कंद ते पूर्ववत करू शकत नाहीत. म्हणून बेणेप्रक्रिया आणि लागवडीनंतरची पहिली आळवणी महत्त्वाची असते. तांबेयुक्त बुरशीनाशकासोबत त्यांचे द्रावण एकत्र करू नये. निचरा नसलेल्या काळ्या जमिनीत गादीवाफ्याला पर्याय नाही.