आघातोत्तर विकास

आघातोत्तर विकास : भूकंप, पूर, अपघात, हिंसा किंवा घरातल्या माणसाचा अकाली मृत्यू यांनी हादरलेली व्यक्ती सावरताना तिची नाती, जगण्याची समज आणि स्वतःवरचा भरवसा काही वेळा आधीपेक्षा खोल होतो, त्या बदलाला दिलेली मानसशास्त्रीय संज्ञा. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅलहून या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ती रूढ केली आणि १९९६ मध्ये हा बदल मोजण्यासाठी २१ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. मराठी बोलीत धसका घेणे, हाय खाणे आणि पुढे सावरणे या अवस्थांना नेमके शब्द आहेत. सावरल्यानंतरच्या वाढीला मात्र एकच एक शब्द नाही. तिच्याऐवजी आपण म्हण वापरतो, की टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. ही म्हण इथे दिशाभूल करते. टाकीमागे शिल्पकाराचा हात असतो, भूकंपामागे कोणीच नसते. वाढ होते ती घावामुळे नव्हे, घावानंतर मिळालेल्या आधारामुळे, असे मानायला जागा आहे. ब्रूइन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा आघातोत्तर विकार जडण्यामागच्या प्रबळ कारणांत आघातानंतर आधार न मिळणे हे एक ठळक कारण आढळले.

महाराष्ट्रातील सर्वांत बोलका दाखला किल्लारीच्या भूकंपाचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर लोक गाढ झोपेत असताना, लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत जवळजवळ ८,००० माणसे दगावली. बहुतेक जण दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद यांखाली चिरडले गेले. ज्या भिंतींनी पिढ्यान्‌पिढ्या ऊन-वारा अडवला त्यांनीच जीव घेतल्यावर मागे राहिलेल्यांना घर या गोष्टीचाच धाक वाटू लागला. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेने डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने या लोकांच्या मनःस्थितीचा दीर्घ अभ्यास केला. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला आणले. घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. घर कसे बळकट करायचे, मदत कोठे अडली आहे, हे आता त्या इतरांना समजावू लागल्या. २००१ मध्ये गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादकडच्या अशा बायका तिकडच्या बायकांना धीर द्यायला गेल्या.

हा मानसोपचार कोठे, हे तर पुनर्वसन, असा आक्षेप येथे रास्त आहे. परंतु आधारोपचाराचा, म्हणजे धीर आणि सोबत देऊन माणसाला सावरू देणाऱ्या मानसोपचाराचा, गाभाही सुरक्षितता, ऐकून घेणारा माणूस आणि निर्णय पुन्हा आपल्या हाती येणे हाच असतो. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. पॅट्रिशिया फ्रेझियर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले, की लोक ‘माझ्यात वाढ झाली’ म्हणतात तेव्हा आधी आणि नंतर मोजलेल्या बदलाशी ते म्हणणे फारसे जुळत नाही. ही टीका मान्यच केली पाहिजे, आणि म्हणूनच विकास प्रश्नावलीपेक्षा कृतीत पाहावा. गुजरातेत धीर द्यायला गेलेल्या बायका ही कृती आहे. आधारोपचार सर्वांना पुरतो असेही नाही. प्रसंग पुन:पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहणे, दचकून जागे होणे महिनोन्‌महिने चालू राहिले, तर आघातावर थेट काम करणारे उपचार अधिक गुणकारी ठरतात. उलट घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सगळे बोलून घेण्याच्या पद्धतीचा लाभ संशोधनात दिसलेला नाही, काहींना तिने त्रासच झाला. आणि ज्यांच्यात कसलीही वाढ झाली नाही, जे फक्त पुन्हा शेतावर जाऊ लागले, रात्री झोपू लागले, त्यांचे बरे होणे उणे ठरत नाही.

असे आघात आणि त्यांतून सावरणे सातारा जिल्ह्यालाही परके नाही. पाटण तालुक्यात कोयनानगर परिसरात ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला आणि जुलै २०२१ मध्ये मिरगाव, आंबेघर येथे दरडी कोसळल्या. याच जिल्ह्यातील रहिमतपूर हे नाटककार वसंत कानेटकरांचे जन्मगाव. त्यांचे ‘वेड्याचं घर उन्हात’ हे पहिले नाटक ढासळत्या मनाविषयीच होते. रंगभूमीने १९५७ मध्येच त्या दुखण्याला जागा दिली. कोयनेच्या वेळी मात्र मदत म्हणजे धान्य, कपडे, पत्रे एवढेच समजले जाई. आता साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली परिवर्तन संस्था व्यसनमुक्तीबरोबर मानसिक आरोग्याचेही काम करते. आधारोपचाराची बैठक बाहेरून साधीच दिसते. उपचारक आधी झोप आणि जेवण यांविषयी विचारतो. घटना सांगायची की नाही हे समोरच्यावर सोडतो. रडू आले तर थांबतो. ‘झालं ते विसर’, ‘देवाची मर्जी’ असे तो म्हणत नाही, कारण त्याने बोलणारा गप्प होतो. शेजारी, मावशी, शाळेतले गुरुजी यांनाही एवढे करता येते. त्यापुढची मदत लागली तर टेलि-मानस ही १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मोफत आणि मराठीतून मिळते.